डिप्लोमावाल्यांनो, नोकरी सांभाळून पदवी: एएमआयई, संध्याकाळचं बीटेक की बिट्स?

चाकणच्या कंपनीत डिप्लोमावर लागलेला मुलगा चार-पाच वर्षांत काम इंजिनिअरचंच करत असतो, पण हुद्दा मात्र सुपरवायझरचाच राहतो. मग तो विचारतो, "दादा, काय करू?" मी आधी एवढंच विचारतो, तुला पदवी हवीये की चार्टर्ड इंजिनिअरची, म्हणजे ज्याचं सर्टिफिकेट कामाला चालतं अशा इंजिनिअरची ओळख?

एएमआयई ही कोलकात्याच्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची परीक्षा, सेक्शन ए आणि बी. वर्ग नाहीत, हजेरी नाही, खर्च सगळ्यात कमी. आमच्या आधीच्या पिढीतले कितीतरी जण हीच परीक्षा देऊन वर गेले. पण पदवीला समकक्ष म्हणून केंद्राची मान्यता आहे ती 31 मे 2013 पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच. पास कधी झालात, ते बघत नाहीत. माझ्या एका सहकाऱ्याने 2014 साली फॉर्म भरला. सहा वर्षं लॉकरमध्ये डब्याशेजारी पुस्तकं ठेवून जेवणाच्या सुट्टीत अभ्यास केला, दोन्ही सेक्शन काढले. बढतीच्या वेळी एचआरने नोंदणीचं साल बघितलं आणि फाइल परत दिली. त्याचा तो चेहरा मी विसरलेलो नाही. म्हणून आज पदवीसाठी एएमआयई करू नका, हे मी स्पष्ट सांगतो.

संध्याकाळच्या बीटेकला माझी पहिली पसंती. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या परिषदेने, 2023-24 पासून नोकरदारांसाठी कॉलेजांत सोयीच्या वेळेच्या तुकड्या सुरू केल्या. डिप्लोमावाल्याला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, म्हणजे तीन वर्षं. पदवी विद्यापीठाची, त्यामुळे पदवी मागणाऱ्या सरकारी जागेलाही चालते. अडचण पाळीची. दुसरी पाळी लागली की तुम्ही मशिनवर आणि वर्ग सुरू. लेक्चरच्या वह्या मित्राकडून मिळतात, प्रॅक्टिकल मिळत नाही.

ज्यांची पाळी दर आठवड्याला बदलते त्यांना बिट्स पिलानीचा नोकरदारांसाठीचा अभ्यासक्रम जास्त जमतो, कारण लेक्चर बहुतेक शनिवार-रविवारी ऑनलाइन. मात्र फी बरीच जास्त, शाखा मोजक्या आणि कंपनीची संमती लागते. साहेबांशी आधी बोला.

पत्राने, म्हणजे दूरशिक्षणाने, इंजिनिअरिंगच्या वाटेला जाऊच नका. अभिमत विद्यापीठांच्या अशा पदव्या सर्वोच्च न्यायालयाच्या 3 नोव्हेंबर 2017 च्या निकालाने अडचणीत आल्या.

आता चार्टर्ड इंजिनिअर. त्यासाठी पदवी, अनुभव आणि मग त्याच इन्स्टिट्यूशनचं सभासदत्व. जुनं मशिन आयात करताना कस्टमला चार्टर्ड इंजिनिअरचं सर्टिफिकेट लागतं, त्यामुळे स्वतःचा व्यवसाय करायचा असेल तर हे फार उपयोगी. पण आधी पदवी.

आणि संध्याकाळच्या तुकडीत नाव घालणार असाल, तर फी भरण्याआधी कायम पहिली पाळी लेखी मागून घ्या. तोंडी "बघू" म्हणाले, तर बिट्सचा फॉर्म भरा.