लग्न गोव्यात, वऱ्हाड सोलापूरचे : फोटोग्राफर कुठला ठरवावा?

होटगी रोडवरच्या किंवा जुळे सोलापुरातल्या मंगल कार्यालयात लग्न असेल, तर फोटोग्राफर ठरवताना फारशी डोकेफोड करावी लागत नाही. थोरल्या भावाच्या लग्नाचा अल्बम ज्याने केला, त्यालाच तीथ कळवली जाते आणि विसार दिला जातो. लग्न गोव्यात करायचे ठरले की मात्र तीन पर्याय समोर येतात : आपल्या सोलापूरच्या फोटोग्राफरला त्याच्या पथकासह सोबत नेणे, गोव्यातच काम करणारा व्यावसायिक घेणे, किंवा पुण्या-मुंबईचे नावाजलेले पथक बोलावणे. तिघांची दरपत्रके मांडून आकडे ताडून पाहण्याची घाई बहुतेक घरांत होते. प्रत्यक्षात ही तीन दरपत्रके एकाच कामाची नसतात. माझ्या मते आधी घरात बसून एवढेच ठरवावे की या लग्नात विधी आणि नातेवाईक यांना महत्त्व आहे, की जागा आणि कार्यक्रमांना. पुढची बरीचशी निवड त्यावरूनच होते.

पैशांचा विषय पहिला निघतो, म्हणून तो आधी पाहू. सोलापूरच्या स्टुडिओचा दर गोव्याच्या दरापेक्षा कमी दिसतो, पण त्यात प्रवास आणि मुक्काम धरलेला नसतो. विजयपूर-बेळगावमार्गे पणजी साधारण ४०० किलोमीटर आहे आणि साहित्याने भरलेली गाडी घाट उतरून पोहोचेपर्यंत पथकाचा दिवस मोडतो. म्हणजे हळदीच्या आदल्या दिवशीच त्यांना निघावे लागते. चार जणांना दोन खोल्या आणि तीन रात्री धरल्या, तरी सहा रात्रींचे खोलीभाडे यजमानाच्या माथी येते, आणि डिसेंबरअखेर गोव्यातले खोल्यांचे दर काय असतात हे वेगळे सांगायला नको. जून २०२५ मध्ये सोलापूरहून गोव्याला विमानसेवा सुरू झाली, त्यामुळे ‘पथक विमानाने येईल’ असे आता सहज बोलले जाते. मात्र ही विमाने एटीआर बनावटीची, म्हणजे लहान आहेत, आणि देशांतर्गत प्रवासात हातातल्या सामानाची मर्यादा सहसा ७ किलोची असते. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात टाकता येत नाहीत, त्या हातातच न्याव्या लागतात. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटऱ्यांना अडचण येत नाही, पण १०० ते १६० वॉट-अवरच्या मोठ्या बॅटऱ्यांसाठी विमान कंपनीची आधी संमती लागते आणि त्याही एका प्रवाशाला दोनच नेता येतात. थोडक्यात, माणसे विमानाने गेली तरी लाइट, स्टँड आणि क्रेन रस्त्यानेच जाणार आणि गाडीभाडे वाचणार नाही.

दरपत्रकातली आणखी एक बाब नजरेतून सुटते. नोंदणीकृत व्यावसायिक छायाचित्रणाच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी लावतो, म्हणजे दोन लाखांच्या कामावर ३६ हजार रुपये. ज्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत आहे, त्याला नोंदणीची सक्ती नसल्याने त्याच्या दरपत्रकात कर नसतो. गोव्याचे मोठे पथक आणि सोलापूरचा छोटा स्टुडिओ यांची तुलना करताना रक्कम करासह आहे की कराशिवाय, हे विचारल्याखेरीज तुलना खरी ठरत नाही. शिवाय काही रिसॉर्ट बाहेरून आलेल्या पथकाकडून शुल्क किंवा अनामत रक्कम घेतात, तर काहींनी आपले ठरावीक फोटोग्राफर नेमलेले असतात. खोल्यांचे आरक्षण करतानाच हे विचारून घ्यावे.

आता कामाकडे वळू. अंतरपाट दूर होण्याचा क्षण जेमतेम दोन-तीन सेकंदांचा असतो आणि त्याच वेळी अक्षता उडतात, वाजंत्री सुरू होते, मामा मध्येच उभे असतात आणि करवल्या पुढे झुकतात. गुरुजींच्या तोंडून ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ ऐकू आले की जो मामांच्या खांद्याआडून आपसूक बाजूला सरकतो, त्याला तो क्षण सापडतो; ज्याला ती ओळ कशाची खूण आहे हे ठाऊक नाही, त्याला अक्षतांनी भरलेले आणि पाठमोऱ्या माणसांनी झाकलेले छायाचित्र मिळते. कानपिळीची वेळ कोणी पुकारून सांगत नाही. तेलुगू पद्धतीच्या पद्मशाली लग्नात वधूवर एकमेकांच्या मस्तकावर जिरे-गूळ ठेवतात, तोच मुहूर्ताचा क्षण असतो, आणि आपल्या साखरपेठेच्या बाजूला काम केलेल्या फोटोग्राफरला हे समजावून सांगावे लागत नाही. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या अक्षता सोहळ्यात संमती कट्ट्याजवळच्या गर्दीत ज्याने जागा धरून कॅमेरा चालवला आहे, त्याला मांडवातली शंभर माणसे काय अडवणार!

या बाबतीत गोव्याच्या फोटोग्राफरवर अन्याय मात्र होऊ नये. भाषेची अडचण तिथे फारशी येत नाही, कारण गोव्यात मराठी समजते आणि अनेकांना उत्तम बोलताही येते. शिवाय गोव्यातल्या हिंदू लग्नांतही अंतरपाट आणि सप्तपदी असतातच. त्याला नसते ती माणसांची ओळख. वराची आत्या कोण, व्याह्यांच्या थोरल्या बंधूंचा मान कुठे आहे, कोणते दोन चुलते एकमेकांशेजारी उभे राहणार नाहीत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे : घरातली एखादी चुणचुणीत भाची किंवा भाचा, हाती नावांची यादी देऊन, दोन्ही दिवस फोटोग्राफरच्या जोडीला द्यायचा. त्या मुलाला जेवायला उशीर होतो आणि तो कुरकुरतो, पण अल्बममधून आजोबा गळाले अशी वेळ येत नाही.

जागेची जाण ही गोव्याच्या फोटोग्राफरची जमेची बाजू आहे आणि ती सोलापूरच्या घरांत कमी लेखली जाते. गोव्याचे बहुतेक किनारे पश्चिमेकडे तोंड करून आहेत आणि डिसेंबरात सूर्य सहा वाजून गेल्यावर लगेचच मावळतो. गोरज मुहूर्त धरला, तर अंतरपाटाच्या दोन बाजूंना वधूवर पूर्व-पश्चिम उभे राहतात. परिणामी एकाच्या चेहऱ्यावर समोरून मावळतीचे सोनेरी ऊन पडते आणि दुसऱ्याच्या पाठीमागे थेट सूर्य येऊन त्याचा किंवा तिचा चेहरा काळा पडतो. मंगल कार्यालयाच्या बंदिस्त, सारख्या उजेडात वर्षानुवर्षे काम केलेल्याला हा प्रश्न तिथे पोहोचल्यावर दिसतो, तर गोव्याचा माणूस आदल्या दिवशीच मांडव कुठे वळवायचा आणि फ्लॅश कोणत्या बाजूला लावायचा हे मांडववाल्याशी ठरवून ठेवतो. मंगलाष्टके लांबली तर पंधरा-वीस मिनिटांत प्रकाश उतरतो, हेही त्याच्या हिशेबात असते. वातानुकूलित खोलीतून कॅमेरा थेट किनाऱ्यावरच्या दमट हवेत काढला की लेन्सवर बाष्प धरते आणि ते निवळेपर्यंत छायाचित्रे धुरकट येतात. त्यासाठी बॅग न उघडता अर्धा तास आधी बाहेर आणून ठेवायची असते. सोलापूरच्या कोरड्या हवेत हे शिकण्याची गरज कोणाला पडलेली नाही. तेव्हा आपल्या स्टुडिओवाल्याला नेण्याआधी ‘समुद्रकिनाऱ्यावर उघड्यावर केलेल्या एका लग्नाची सगळी छायाचित्रे दाखवा’ असे सांगावे. निवडक वीस छायाचित्रांवर कोणाचेही काम सुरेख दिसते.

ड्रोनच्या बाबतीत तर प्रश्न थेट नियमांचा आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे विभाग केलेले आहेत, ते डिजिटल स्काय या संकेतस्थळावरच्या नकाशात पाहता येतात, आणि विमानतळाच्या लगतच्या लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. दाबोळी विमानतळ हा नौदलाचा तळही आहे, त्यामुळे बोगमाळो किंवा वेळसांवच्या बाजूचे रिसॉर्ट निवडले असेल, तर ड्रोनचे दृश्य गृहीत धरूच नये. हिरव्या भागातही १२० मीटरची उंचीमर्यादा असते आणि ड्रोनची नोंदणीही आवश्यक असते. ‘बघू तिथे गेल्यावर’ हे उत्तर देणाऱ्यापेक्षा ‘तुमच्या रिसॉर्टचे ठिकाण नकाशावर पाहून सांगतो’ असे म्हणणारा बरा, मग तो सोलापूरचा असो वा मडगावचा.

पुण्या-मुंबईच्या पथकाविषयी थोडक्यातच लिहितो. त्यांची लग्नाची फिल्म बहुतेकदा खरोखर उजवी असते, आणि ज्यांना अल्बमपेक्षा फिल्मच हवी आहे, त्यांनी हा पर्याय जरूर पाहावा. पण प्रवास-मुक्कामाचा खर्च सोलापूरच्या पथकाइतकाच, दर सर्वांत चढा, आणि ज्याच्या नावावर बुकिंग केले तो स्वतः येईलच याची खात्री नसते. मोठ्या तिथीला तेच नाव दोन-तीन ठिकाणी काम घेते आणि आपल्याकडे बाहेरून जमवलेली मुले येतात. कॅमेऱ्यामागे कोण असेल, त्याचे नाव करारात लिहून घेता येत नसेल, तर या पर्यायाचे निम्मे मोल संपते.

लग्नानंतरचे काम हा सोलापूरच्या बाजूने पडणारा सर्वांत मोठा मुद्दा आहे, असे मला वाटते. सर्वसाधारण फोर-के चित्रण १०० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, दराने केले, तर एका कॅमेऱ्याचे तासाला सुमारे ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे आणि दोन दिवसांचे विधी धरले की एक टीबीची हार्डडिस्क भरत येते. एवढा डेटा गोव्याहून कुरिअरने मागवावा लागतो आणि दुसरी प्रत त्यांच्याकडे सुरक्षित आहे, यावर विश्वास ठेवावा लागतो. अल्बमची निवड तर फोनवरून होतच नाही. कोणत्या पानावर कोणाचा फोटो मोठा, माहेरची आणि सासरची पाने सारखी झाली की नाही, या गोष्टी दोन्ही विहिणींना स्टुडिओत बसवून, चहा पीत, पडद्यावर पाहूनच मिटतात. नवी पेठेतल्या दुकानाची पायरी चढून ‘अल्बम कधी देणार’ असे विचारता येते, आणि चारचौघांत विचारलेल्या या प्रश्नाला कोणत्याही नोटिशीपेक्षा लवकर उत्तर मिळते.

याचा अर्थ दूरचा व्यावसायिक हाताबाहेर गेला असा नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे गोव्याच्या फोटोग्राफरविरुद्धची तक्रार सोलापुरातच दाखल होऊ शकते. लेखी करार, पावती आणि संदेश मात्र जपून ठेवलेले हवेत. स्वामित्वहक्काचेही तसेच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, उलट करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. मोठ्या पथकांच्या छापील करारात नेमका हाच ‘उलट करार’ बारीक अक्षरांत असतो आणि त्याच परिच्छेदात तुमची छायाचित्रे इन्स्टाग्रामवर टाकण्याची मुभाही घेतलेली असते. मुलीकडच्यांना ते नको असेल, तर सही करण्याआधी ती ओळ खोडून घ्यावी. मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या, संस्कार न केलेल्या फाइल, मिळणार की नाही, हेही तिथेच लिहून घ्यावे.

विधी पुरेपूर, वऱ्हाड शंभराच्या आतबाहेर आणि अल्बम घराघरांत फिरणार असेल, तर मी सोलापूरचा मुख्य फोटोग्राफर नेईन आणि त्याच्या हाताखाली गोव्यातला एक माणूस, किनाऱ्यावरच्या प्रकाशासाठी आणि ड्रोनसाठी, दोन दिवस घेईन. त्यामुळे सोलापूरहून चारांऐवजी दोनच जण न्यावे लागतात आणि एक खोली वाचते. नोंदणी विवाह आधी झालेला आहे, गोव्यात फक्त हळद, संगीत आणि स्वागत समारंभ आहे, असे असेल तर सरळ गोव्याचे पथक घ्यावे आणि सोलापूरच्या स्नेह्यांची भीड बाळगू नये. दोन्हीकडची माणसे एकत्र घेतली, तर विधीच्या वेळी शब्द कोणाचा चालेल आणि सगळी मेमरी कार्डे रात्री कोण उतरवून घेईल, हे दोघांना समोरासमोर, निदान व्हिडिओ कॉलवर, सांगून ठेवावे. पैसे तीन हप्त्यांत द्यावेत : विसार बुकिंगच्या वेळी, मोठा हिस्सा लग्नाच्या दिवशी, आणि किमान पाव हिस्सा अल्बम आणि हार्डडिस्क हाती पडल्यावर.