फीडर ॲप: बातम्या वाचण्याची सोय चोख, पुरवठा मात्र अपुरा

अँड्रॉइड फोनवरील ‘फीडर’ हे मोफत आणि मुक्तस्रोत ॲप मी रावेर तालुक्यात नियमित वापरतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या बातम्या ज्याला एका जागी हव्या आहेत, त्याला ते मी निःशंकपणे सुचवीन. त्यासाठी खाते उघडावे लागत नाही. आपण निवडलेल्या संकेतस्थळांच्या फीडचे, म्हणजे ॲपला वाचता येणाऱ्या ताज्या मजकुराच्या यादीचे, पत्ते एकदा नोंदवले की नवे मथळे तारीख-वेळेच्या क्रमाने येत राहतात आणि कोणती बातमी वर दिसावी हे कोणतीही कंपनी ठरवत नाही. केळीचे भाव, कापसाची खरेदी किंवा हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची सूचना या बातम्यांचे मोल वेळेवर अवलंबून असते. समाजमाध्यमांवर त्या दोन दिवसांनी समोर येतात, तोवर तापीचा पूर ओसरलेला असतो. मजकूर आधी उतरवून ठेवता येत असल्याने सातपुड्याच्या पायथ्याशी नेटवर्क गेले तरी वाचन अडत नाही. नोंदवलेल्या फीडची यादी ओपीएमएल (अशा याद्या साठवण्याचे स्वरूप) फाइलमध्ये काढून दुसऱ्या ॲपमध्येही नेता येते.

खरी उणीव ॲपबाहेर आहे, आणि ती आपल्या स्थानिक वृत्तसंकेतस्थळांनी मनावर घेतली तर सहज भरून निघेल. यांतील अनेक संकेतस्थळे वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीवर चालतात आणि वर्डप्रेस फीड आपोआप तयार करते. तरीही मुखपृष्ठावर तिचा दुवा क्वचितच सापडतो. एका संकेतस्थळाची सुरक्षाव्यवस्था ॲपची मागणीच नाकारते. दुसऱ्या एकाने फीडमध्ये भारतीय वेळ लिहून तिला ग्रिनिच वेळेची खूण जोडली आहे, त्यामुळे त्याची प्रत्येक बातमी साडेपाच तास पुढची ठरते आणि इतरांच्या ताज्या बातम्या तिच्याखाली दबतात. सर्वांत जास्त नुकसान होते ते संख्येच्या मर्यादेमुळे. वर्डप्रेस मुळात फीडमध्ये शेवटच्या १० नोंदीच देते; ज्या दिवशी निवडणुकीचे निकाल किंवा अतिवृष्टीमुळे तासाभरात त्याहून अधिक बातम्या प्रसिद्ध होतात, त्या दिवशी ॲपने पुढची फेरी घेण्यापूर्वीच काही बातम्या यादीतून निघून जातात आणि वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही. हा आकडा वर्डप्रेसच्या ‘सेटिंग्ज’मधील वाचनाच्या पानावर वाढवता येतो.

फीड दिल्यास वाचक संकेतस्थळावर येणार नाही आणि जाहिरातीचे उत्पन्न बुडेल, अशी काळजी संपादकांना वाटणे स्वाभाविक आहे. तिचा उपाय ‘सेटिंग्ज’च्या त्याच पानावर आहे: पूर्ण मजकुराऐवजी सारांश देण्याचा पर्याय निवडावा, म्हणजे बातमी पुरी वाचण्यासाठी वाचक मूळ पानावर येतो. माझ्या मते असा वाचक अधिक मोलाचा असतो, कारण त्याने त्या संकेतस्थळाची निवड स्वतः केलेली असते.

गुगल रीडर ही गुगलची फीड वाचण्याची सेवा १ जुलै २०१३ रोजी बंद झाली, तेव्हा फीडचे दिवस संपले असा समज पसरला. पण नेटस्केप कंपनीने १९९९ मध्ये आरएसएस या फीडच्या स्वरूपाची पहिली आवृत्ती आणली आणि २००५ मध्ये ॲटम हे दुसरे स्वरूप प्रस्तावित इंटरनेट मानक झाले, ते कोणा एका सेवेच्या मालकीचे राहण्यासाठी नव्हे. आजही पॉडकास्टचे नवे भाग श्रोत्यांपर्यंत याच मार्गाने पोहोचतात.

वर्डप्रेसमध्ये बातम्यांच्या प्रत्येक वर्गाची स्वतंत्र फीड तयार असते. चोपडा, यावल, अमळनेर, शहादा असे तालुकावार वर्ग ज्यांनी आधीच केले आहेत, त्यांना नवे काही बांधायचे नाही; त्या फीडचे पत्ते मुखपृष्ठावर ठळकपणे द्यावेत, एवढेच काम उरते.