हीट पंप: हवेवरचा की जमिनीतला?

बॉस्टनच्या आसपास जुनं घर घेतलं की तळघरातल्या, घर तापवायच्या तेलाच्या टाकीचं पुढे काय, हा प्रश्न येतोच. हीट पंप हा त्याला पर्याय: बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली ऊब ओढून घरात आणणारं विजेवरचं यंत्र. आधीच्या घरात आम्ही हवेवर चालणारा हीट पंप वापरला, आताच्या घरात बोअर घेऊन जमिनीतला बसवला.

हवेवरचा निम्म्याहून कमी पैशांत होतो आणि अंगणाला धक्का लागत नाही. 'थंडीत बंद पडतो' हे आता खरं नाही. इथल्या हवेसाठीची यंत्रं उणे २५ अंशांतही चालतात. मला नडलं ते डिफ्रॉस्ट. कोरड्या कडाक्यापेक्षा शून्याच्या आसपासची ओलसर हवा जास्त त्रासाची. बाहेरच्या युनिटवर बर्फ धरतो, तो वितळवायला पंप उलटा चालतो आणि त्यासाठी घरातलीच ऊब ओढतो. तेवढा वेळ डक्टमधून गार वारा येतो. आई पुण्याहून आली होती, तेव्हा पहाटे ती शाल गुंडाळून बसलेली दिसायची. जोडीला विजेचा हीटर लावता येतो, पण मॅसॅच्युसेट्समधला विजेचा दर पाहता तो परवडत नाही.

जमिनीखाली इथे बारा महिने साधारण १० अंश असतात. बाहेर युनिटच नाही, त्यामुळे बर्फही नाही आणि घरघरही नाही. बोअर मारताना अंगणाचा चिखल होतो, तेवढं सोसावं लागतं.

खरी अडचण खर्चाची. ३० टक्क्यांची फेडरल करसवलत २०२५ अखेर संपली. यंत्रणा कंपनीच्या मालकीची ठेवून भाड्याने घेतली, तर कंपनीला मिळणारी सवलत अजून आहे. तो हिशेब जरूर मांडून पाहा. माझी सगळी आशा मात्र बॉस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅम शहरावर आहे. तिथे एव्हरसोर्स या गॅस-वीज कंपनीने २०२४ मध्ये सामाईक बोअरचं जाळं सुरू केलं आणि तीसेक इमारती त्याला जोडल्या. गॅसच्या लाइनसारखा हा खर्च वाटून घेतला गेला, तर मध्यमवर्गीय घरालाही तो झेपेल.

घर थोड्या वर्षांत विकायचं असेल, तर हवेवरचाच घ्या. मुक्काम लांबचा असेल, तर माझं मन जमिनीकडे झुकतं. फक्त आधी माळ्याचं इन्सुलेशन करून फटी बुजवा. पंपाची क्षमता एसीसारखीच टनांत मोजतात. एका टनामागे ढोबळमानाने १५० ते २०० फूट बोअर लागतो, म्हणजे गरज एका टनाने उतरली तरी मोठी रक्कम वाचते. कोटेशन घेताना घरातल्या प्रत्येक खोलीला किती उष्णता लागेल याचा हिशेब मागा. जुन्या बॉयलरच्या आकारावरून बोअर ठरवणाऱ्याला काम देऊ नका.