पॉलिहाऊसमधला सल्फर बर्नर: भुरीसाठी घ्या, पण आधी व्होल्टेज बघा

पाऊस उघडून रात्री थंड पडू लागल्या की मिरज-वाळव्यापासून कराड-कोरेगावपर्यंत पॉलिहाऊसवाल्यांचा एकच धोशा सुरू होतो: भुरी (पानावर पांढरी पूड धरणारी बुरशी) आली, काय मारू? औषधाच्या पुडीला पर्याय म्हणून सल्फर बर्नर सुचवला जातो. इथे पाहिलाय तो त्यातला सगळ्यात साधा प्रकार. १०० वॅटची कॉइल, वर ॲल्युमिनियमची वाटी, बाहेरून पत्र्याचा डबा आणि टांगायला साखळी. तापमान आपोआप आवरणारा थर्मोस्टॅट नाही. थर्मोस्टॅटवालाही मिळतो, महाग पडतो, आणि परवडत असेल तर सरळ तोच घ्यावा.

काम साधं आहे. गंधक साधारण ११५ अंशांना वितळतो. आणखी तापला की त्याची हळूहळू वाफ होते, ती वर जाऊन थंड होते आणि पानाच्या दोन्ही बाजूंना गंधकाचा अगदी पातळ थर बसतो. भुरीचा बीजाणू त्या थरावर रुजत नाही. ८० टक्के विद्राव्य गंधक लिटरला २ ग्रॅम घेऊन फवारलं तरी भुरी आटोक्यात येते. पण थंडीत संध्याकाळी ओलं केलेलं पान सकाळपर्यंत वाळत नाही, आणि गडद लाल जरबेऱ्यावर पांढरे ठिपके उठले की मार्केटला फूल मागे पडतं. बर्नरने पान कोरडं राहतं. त्याची खरी किंमत यातच आहे.

आता व्होल्टेज. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला १०० वॅट देणारी कॉइल १८० व्होल्टला जेमतेम ६१ वॅट देते आणि २६० ला १२८. आपल्याकडे थ्री-फेजची रातपाळी असली, सगळ्या मोटारी चालू असल्या की व्होल्टेज बसतं. गंधक नुसता पातळ होऊन वाटीत पडून राहतो, वाफ नाहीच. मालक म्हणतो बर्नर चालू होता, भुरी तरी वाढली. उलट मोटारी बंद असलेल्या रात्री व्होल्टेज चढतं, वाटी दोनशे अंशांच्या वर जाते आणि गंधक पेटायचा धोका तयार होतो. पेटला की निळी ज्योत दिसते, आगकाडी ओढल्यासारखा नाकाला झोंबणारा वास येतो. ती वाफ नव्हे, सल्फर डायऑक्साइड. दुसऱ्या दिवशी शिरा हिरव्या आणि मधला भाग कागदासारखा पांढरा, अशी पानं बर्नरभोवती गोल रिंगणात दिसली तर रात्री काय झालं ते वेगळं सांगायला नको.

साखर कारखान्यात उसाचा रस स्वच्छ करायला आणि बेदाणा शेडवर रंग टिकवायला गंधक मुद्दाम जाळतात. त्यामुळे आपल्या भागात गंधकाची धुरी कुणाला नवी नाही, आणि म्हणूनच "घमेल्यात पेटवला तर काय बिघडतं" असं विचारणारेही भेटतात. बिघडतं ते पीकच.

वाफ होतेय का हे बघायचा सोपा उपाय म्हणजे काटा. वाटी गंधकासकट संध्याकाळी वजन करा, सकाळी थंड झाल्यावर पुन्हा करा. वजन काहीच घटलं नाही तर व्होल्टेज कमी पडतंय. एका रात्रीत वाटी रिकामी झाली तर तापमान जास्त आहे. सगळे बर्नर मोजायची गरज नाही, मेन बोर्डापासून सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात लांबचा मोजला तरी कळतं.

प्रमाण १०० चौरस मीटरला एक. २८ बाय ३६ मीटरच्या, म्हणजे १००८ चौरस मीटरच्या पॉलिहाऊसला १० बर्नर, ३-४-३ अशा ओळीत. पिकाच्या शेंड्यापासून अर्धा ते एक मीटर वर टांगायचे. प्लास्टिकपासून जमेल तेवढे लांब ठेवायचे, आणि वर पत्र्याची छत्री हवीच. २०० मायक्रॉनच्या फिल्ममध्ये उन्हापासून वाचवणारी जी यूव्ही द्रव्यं असतात ती गंधकाने निकामी होतात. बर्नरच्या बरोबर वरची फिल्म आधी पिवळी आणि ठिसूळ होते, मग पहिल्या वळवाच्या वाऱ्यात तिथूनच फाटते. फिल्मच्या वॉरंटीच्या कागदावर गंधकाची मर्यादा बारीक अक्षरात दिलेली असते. बर्नर घ्यायच्या आधी तो कागद शोधा.

सुरुवातीला, भुरी दिसण्याआधी, आठवड्यातून दोन रात्री दोन-तीन तास पुरतात. ठिपके दिसलेच तर सलग काही रात्री चार तासांपर्यंत. दहा बर्नर तीन तास म्हणजे तीन युनिट, वीज फार जात नाही. चालू करायचा तो अंधार पडल्यावर, पानं कोरडी असताना, बाजूचे पडदे खाली सोडून. इथे एक अडचण आहे जी विकणारा सांगत नाही. आपल्याकडची बहुतेक पॉलिहाऊस नैसर्गिक वायुविजनाची, वरचा व्हेंट कायम उघडा, नुसती जाळी लावलेली. बरीच वाफ तिथून निघून जाते. अशा ठिकाणी वारा पडलेली रात्र निवडावी लागते, आणि बर्नर थोडे जवळजवळ टांगावे लागतात. फॅन-पॅडच्या, म्हणजे पंखे आणि ओल्या पॅडने गार ठेवलेल्या बंद पॉलिहाऊसमध्ये हेच यंत्र कितीतरी चांगलं चालतं.

टायमर यांत्रिक, काटा फिरवायचा असेल तर बदला. लाईट गेली की तो थांबतो, आली की तिथूनच पुढे चालतो, आणि रोज दोन-दोन तास लाईट गेली तर वेळ मागे पडत जाऊन काही दिवसांत बर्नर सूर्योदयानंतरही चालू राहतो. बॅटरी बॅकअपचा डिजिटल टायमर घ्या आणि तो पॉलिहाऊसच्या बाहेर बसवा. आत ठेवला तर तांब्याचे पॉइंट काळे पडून पहिल्याच वर्षी चिकटतात. वायर तांब्याची दीड चौरस मिलिमीटर, कॉइलजवळचा जोड सिरॅमिकचा, आणि अर्थिंग. ही शेवटची गोष्ट निम्म्या ठिकाणी नसते. सकाळी मजूर आत जायच्या तासभर आधी पडदे वर.

वाटीत काय घालायचं यावरून खूप गोंधळ आहे. शुद्ध गंधक, ९९ टक्क्यांच्या वरचा, गोळ्या किंवा खडे. फवारणीचा ८० टक्के गंधक वाटीत घालू नका. उरलेल्या २० टक्क्यांत भिजवणारी आणि भरणी द्रव्यं असतात, ती करपतात, वर साय धरते आणि वाफ अडते. जमिनीत द्यायचा बेंटोनाइटवाला ९० टक्के गंधकही नको. त्यातली माती तळाशी बसून कॉइल जाळते. वाटी निम्मीच भरा, नाहीतर वितळलेला गंधक उतू जातो. चुकून पेटलाच तर स्विच बंद करून वर कोरडं झाकण टाका. पाणी मारू नका.

निमतेल किंवा कुठलंही तेल फवारलं असेल तर दोन आठवडे बर्नर बंद, नाहीतर पानं भाजतात. कोळीकिडीसाठी मित्र कोळी सोडणाऱ्यांनी तर हे यंत्र घेऊच नये, गंधक त्यांनाही मारतो.

आणि हे कशावर चालत नाही तेही बघा. सर्वात जास्त नाराज गिऱ्हाईक तेच, ज्याने बर्नर बोट्रायटिससाठी, म्हणजे फुलांवरच्या राखाडी बुरशीसाठी घेतला. कृष्णाकाठी धुकं धरलं, फिल्मवरून पाण्याचे थेंब टपकायला लागले की जरबेऱ्याच्या फुलाच्या मध्यावर राखाडी केसाळ बुरशी येते. फूल हलवलं की धूर उडाल्यासारखे बीजाणू उडतात. त्यावर गंधकाचा काहीच परिणाम नाही. तिथे सडकी फुलं पिशवीत घालून बाहेर काढणं, पाणी सकाळीच देणं आणि पहाटे पडदे उघडून दमट हवा बाहेर घालवणं हाच इलाज. म्हणजे भुरीसाठी पडदे लावायचे आणि बोट्रायटिससाठी उघडायचे. दोन्ही एकदम आले तर आधी बोट्रायटिसचं बघा. काकडीवरचा केवडाही गंधकाला दाद देत नाही. ठिपके शिरांमध्ये कोनाकोनाचे, आणि पानाखाली करडी-जांभळट लव असेल तर तो केवडा. अंगठ्याने पांढरी पूड पुसली जाते ती भुरी.

ढोबळी मिरचीत अजून एक पेच आहे. तिथल्या भुरीची बुरशी पानाच्या आत वाढते. वर पिवळा डाग आणि खाली पांढरी लव दिसते तोवर ती पेशींत शिरलेली असते, गंधक तिथवर पोचत नाही. मिरचीसाठी बर्नर लागवडीनंतर लगेच सुरू करायचा, डाग पडल्यावर नाही. जरबेरा, गुलाब आणि काकडीत भुरी वरवरची असते, त्यामुळे तिथे अनुभव जास्त चांगला आहे.

दुकानात एकच विचारा: कॉइल आणि वाटी सुटी मिळते का? वाटी गंधकाने झिजते आणि कॉइल कधीतरी जाणारच. सुटे भाग मिळत नसतील तर तो बर्नर एका हंगामापुरताच धरा आणि त्या हिशेबाने भाव करा.