अनदर टिंबर: घाई नसलेल्या कानांसाठी शेफिल्डचं एक छोटं लेबल

आधीच सांगून टाकते, ठेका पाहिजे, चाल पाहिजे, दुसऱ्यांदा ऐकताना गुणगुणता आलं पाहिजे अशी अपेक्षा असेल तर हे लेबल, म्हणजे संगीताच्या सीडी काढणारी ही कंपनी, तुमच्यासाठी नाही. पण मैफिलीत तबला सुरू व्हायच्या आधी गायक नुसता षड्ज लावून बसलेला असतो, तानपुरे चालू असतात आणि अजून काहीच "घडलेलं" नसतं, ती पाच मिनिटं ज्यांना सगळ्यात जास्त आवडतात त्यांनी पुढे नक्की वाचा, कारण अनदर टिंबरच्या बऱ्याचशा सीडी म्हणजे तीच पाच मिनिटं तासभर लांबवलेली आहेत असं मला वाटतं.

इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरातून सायमन रेनेल नावाचा माणूस 2007 पासून हे चालवतोय. मूळचा टीव्हीसाठी साउंड रेकॉर्डिंग करणारा, त्यामुळे आवाज कसा पकडायचा हे त्याला पक्कं ठाऊक आहे आणि ते प्रत्येक सीडीत कळतं. सुरुवातीला फ्री इम्प्रोव्हायझेशनवर भर होता, म्हणजे आधी काहीच न लिहिता वादकांनी एकत्र बसून वाजवलेलं, नंतर हळूहळू लिहिलेल्या संगीताकडे झुकला. 2012 मध्ये वांडेलवायझर या मंडळींच्या संगीताचा सहा सीडींचा संच काढला. वांडेलवायझर म्हणजे शांततेला स्वराइतकाच मान देणाऱ्या संगीतकारांचा गट, त्यातलाच युर्ग फ्राय हा स्विस संगीतकार पुढे या लेबलवर पुन्हा पुन्हा येत राहिला. त्याची 'ग्रिझाना' ही दोन सीडींची रेकॉर्ड 2015 ची. मुख्यतः बाटल्या, पेले, भांडी हेच आयुष्यभर रंगवत बसलेला इटालियन चित्रकार मोरांडी उन्हाळ्यात ज्या गावी जायचा त्या गावाचं हे नाव, आणि संगीतही तसंच आहे, चारच वस्तू पण प्रत्येक वेळी थोड्या वेगळ्या उजेडात.

आता मुख्य मुद्द्यावर येते, मॉर्टन फेल्डमनचा पियानो संच. फेल्डमन अमेरिकन संगीतकार, 1926 चा जन्म, 1987 मध्ये गेला. फिलिप थॉमस या इंग्रज पियानोवादकाने वाजवलेला त्याचा पियानो पाच सीडींत 2019 मध्ये आला आणि सोबत थॉमसनेच लिहिलेला लांबलचक लेख आहे, तो वाचाच, कारण वाजवणाऱ्याच्या बोटांना काय अडचण येते ते त्यात कळतं, नुसतं कौतुक नाही.

यातलं 'फॉर बुनिता मार्कस' हे 1985 चं. सुरुवातीला बराच वेळ फक्त दोन शेजारचे स्वर आहेत, सी शार्प आणि डी, आपल्या भाषेत सांगायचं तर सा आणि कोमल रे. पण हे दोन स्वर शेजारी शेजारी ठेवलेलेच नाहीत, एक खाली मंद्रात तर दुसरा पार वर तार सप्तकात, मग उलट, मग मध्ये थांबणं, मग परत एकदा तेच पण अंतर किंचित बदललेलं. पहिल्यांदा ऐकताना डोकं पॅटर्न शोधत बसतं, आता हा स्वर येणार म्हणून आपण थांबतो आणि तो येतच नाही, थोड्या वेळाने डोकं शोधणं सोडून देतं, आणि तिथून पुढे खरं ऐकणं सुरू होतं. आणि मग केव्हातरी तिसरा स्वर येतो ना, अंगावर काटा येतो, खरंच सांगते. दोनच स्वरांत इतका वेळ राहिलं की तिसऱ्याची किंमत कळते हे किराना घराण्याचा आलाप ऐकणाऱ्यांना मी काय सांगायचं, पण पियानोवर, जिथे मींड नाही, स्वर लावला की तो विरतच जाणार, तिथे हे ऐकणं हा वेगळाच अनुभव आहे.

याच संचातल्या 'ट्रायाडिक मेमरीज'मध्ये तर पियानोचं पेडल अर्धवट दाबून ठेवायला सांगितलंय, त्यामुळे वाजून गेलेल्या स्वरांची धूसर छाया मागे रेंगाळत राहते आणि पुढचा स्वर त्या छायेवर पडतो. साध्या रेकॉर्डिंगमध्ये हे हरवून जाईल, इथे स्वर पूर्ण विझेपर्यंत ऐकू येतो. सगळं अत्यंत हळू आवाजात वाजवलेलं आहे. आणि इथेच एक मोठी अडचण, आपल्याकडे घरात पंखा, खाली रिक्षा, शेजारी मिक्सर, यात अर्धं संगीत गायब होतं. आवाज वाढवून उपयोग नाही, मग त्याचा पोतच बदलतो. मी पहाटे ऐकते, हेडफोनऐवजी स्पीकरवर, पंखा बंद करून, आणि थंडीच्या दिवसांत हे जास्त जमतं हे उघड आहे.

लेबलवरचं दुसरं मोठं काम म्हणजे अमेरिकन संगीतकार जॉन केजच्या नंबर पीसेसचा 2021 चा चार सीडींचा संच, अपार्टमेंट हाउस या इंग्लिश ग्रुपने वाजवलेला. चेलोवादक अँटन लुकोशेवीझ याने 1995 मध्ये सुरू केलेला हा ग्रुप, आणि लेबलवरच्या कितीतरी सीडींत हीच मंडळी आहेत. केजने शेवटच्या वर्षांत, 1987 ते 1992, हे पीसेस लिहिले. नाव म्हणजे वादकांची संख्या, पाच जणांचं असेल तर 'फाइव्ह', चौदांचं असेल तर 'फोर्टीन'. प्रत्येकाला स्वर दिलेले असतात आणि तो कधी सुरू करायचा, कधी संपवायचा याची वेळेची मर्यादा दिलेली असते, त्या मर्यादेत तो आपल्या मर्जीने वाजवतो. म्हणजे कोण कोणाच्या सोबत पडेल हे आधी ठरलेलंच नाही, आणि तरी ऐकताना असं वाटतं की हे असंच असायला हवं होतं. याच केजला 1940 च्या दशकात अहमदाबादच्या गीता साराभाईंनी न्यूयॉर्कमध्ये भारतीय संगीत शिकवलं होतं, हे आपल्याकडे अजून बऱ्याच जणांना माहीत नाही आणि माहीत असायला पाहिजे.

पण मला या लेबलबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो मोठ्या नावांमुळे नाही, ज्यांची नावं आपल्यापर्यंत कधीच पोचली नसती त्यांच्यामुळे. 2017 मध्ये कॅनडाच्या संगीतकारांची आख्खी मालिका काढली, कोण काढतं हो असं? लिंडा कॅटलिन स्मिथ मला त्याच लेबलवर सापडली. तिचं 'डर्ट रोड' व्हायोलिन आणि तालवाद्यांसाठी आहे, पंधरा छोटे भाग, 2016 ची सीडी. तालवाद्य म्हटल्यावर धडाधड काहीतरी असेल असं वाटतं, तसं अजिबात नाही, दोघं एकमेकांच्या अंगाने इतकं सांभाळून चालतात की पूर्ण रेकॉर्डभर आवाज चढत नाही आणि तरी कंटाळा येत नाही. नवीन माणसाला मी फेल्डमनच्या आधी हेच देईन.

वेबसाइट दिसायला अगदी साधी आहे पण तिथे संगीतकारांच्या मुलाखती आहेत, त्या सोडू नका. जाहिरातीची भाषा नाही, तू हे असं का लिहिलंस, वादकांनी काय अडचणी सांगितल्या असे सरळ प्रश्न. माझ्यासारख्या पाश्चात्य संगीताचं शिक्षण न झालेल्या माणसाला या मुलाखतींनी जेवढी मदत केली तेवढी कुठल्याच पुस्तकाने केली नाही.

खटकणाऱ्या गोष्टी पण आहेत. एक तर इतकं सगळं काढतात की कुठून सुरू करायचं हे नवख्याला कळतच नाही, सुरुवात इथून करा असं एखादं पान हवं होतं. दुसरं, काही सीडी फारच एकसारख्या वाटतात, संथ, हळू, मोकळ्या जागा, परत संथ, सलग तीन ऐकल्या तर कोणती कोणाची ते आठवत नाही, त्यामुळे एका आठवड्यात एकच ऐकावी. तिसरं, भर सीडीवर आहे आणि इंग्लंडहून इथे मागवायची तर टपालखर्च जड जातो, आणि हल्ली किती घरांत सीडी प्लेअर उरलाय? बँडकॅम्पवर डाउनलोड मिळतं, तिथे आधी ऐकूनही बघता येतं, खिशाला तेच बरं. फक्त फेल्डमनचा संच जमलं तर सीडीच घ्या, त्या लेखासाठी.

घेणार असाल तर माझा क्रम असा: आधी 'डर्ट रोड', मग फेल्डमनचंच पण छोटं, 1986 चं 'पॅले द मारी', ते साधारण पंचवीस मिनिटांत होतं, मग केज, आणि ते सगळं पचलं तरच 'ट्रायाडिक मेमरीज'. कॅनडाचीच संगीतकार कॅसान्ड्रा मिलर, तिचं 'जस्ट सो' मी आत्ताच घेतलंय, मॉन्ट्रियलच्या बोझिनी क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या ग्रुपने वाजवलेलं, त्यात 'अबाउट बाख' आहे. त्यावर वेगळं लिहावं लागेल, अजून ऐकणं चालू आहे.