ठासणीची बंदूक: दारूचा दाणा जाड की बारीक?

कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधली जुनी हत्यारं, नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या बंदुका, पाहून आलेली पोरं हमखास विचारतात, "यात दारू किती भरायची?" मी आधी विचारतो, कुठली दारू? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला लगाम घातला. अमेरिकेत मात्र ठासणीच्या रायफलीनं हरणाची शिकार आजही परवान्यावर चालते, आणि तिथे काळ्या दारूचे दोन दाणे जास्त चालतात: जाड 'दोन एफ' आणि बारीक 'तीन एफ'.

दोन्हींत मसाला तोच, सोरा, कोळसा नि गंधक. फरक जळण्याच्या वेगाचा. बारीक दाणा झपाट्यानं पेटतो, म्हणून तेवढ्याच मापाला नळीत दाब जास्त चढतो. जाड दाण्याचं माप डोळे झाकून बारीक दाण्याला लावणं हीच घातक चूक. बारीक घेतलात तर माप कमी करायलाच हवं. लहान तोंडाच्या, .४५ इंचापर्यंतच्या नळीला बारीक दाणा शोभतो, कीटही कमी धरतो. .५० च्या वर मी जाडच घेईन. दाब सौम्य राहतो, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं.

कमाल माप बंदूक बनवणाऱ्याच्या पुस्तिकेतलंच. दारू साठवायच्या शिंगातून थेट नळीत ओतू नका, आत निखारा असला तर शिंगच हातात फुटेल. आधी मापाच्या भांड्यात घ्या. गोळी दारूला टेकेपर्यंत गजानं ठासा. मधे पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फाटते. काडतुसातली बिनधुराची दारू यात चिमूटभरही नको.