बत्तीस इंची गेला, आता त्रेचाळीस की पंचावन्न?

साताऱ्याला आई-बाबांकडे २०१४ साली घेतलेला ३२ इंची एलईडी दिवाळीनंतर आडवा पडला. आवाज येतो, चित्र नाही. दादाचं म्हणणं, आता एकदाच काय तो ५५ इंची ओएलईडी घेऊन टाकू. मी म्हटलं, आधी टीव्ही बघतं कोण ते बघू. दुपारपासून रात्री साडेदहापर्यंत रिमोट आईच्या हातात असतो आणि तिचं जवळजवळ सगळं सेट टॉप बॉक्सवरून येतं. सकाळी बाबांच्या बातम्या. दादा वर्षातून दोनदा येतो.

दुकानात जाण्याआधी दुरुस्तीचं बघून घ्या. खोलीत अंधार करायचा, टीव्ही चालू ठेवायचा आणि काळ्या पडद्यावर तिरका टॉर्च मारायचा. आत पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनल धडधाकट आहे, मागच्या एलईडीच्या पट्ट्या तेवढ्या गेल्यात. आमच्याकडे तेच निघालं, मेकॅनिकने बावीसशे सांगितले. पडदा फुटला असेल तर मात्र नाद सोडा, नवं पॅनल जवळपास नव्या टीव्हीच्या भावात जातं. आणि चित्र उत्तम आहे, फक्त ‘स्मार्ट नाही’ म्हणून टीव्ही बदलायला निघाला असाल, तर एचडीएमआयला लावायची स्टिक तीन ते पाच हजारांत मिळते. ती आणा, उरलेले पैसे घरात ठेवा.

आता आकार. आमच्याकडे शोकेस आहे, तीही २००० सालच्या आसपास सुताराकडून करून घेतलेली, मध्ये टीव्हीचा कप्पा तीन फुटांचा. ४३ इंची टीव्ही साधारण ९६ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे तीन फूट दोन इंच. दोन इंचांनी अडला! ५५ इंची तर चार फुटांचा. जुन्या टीव्हीला मध्ये एक पाय असायचा. आता बहुतेकांना दोन टोकांना दोन पाय असतात, म्हणजे टेबलही तेवढंच लांब लागतं. दुकानात जाताना हे माप खिशात हवं. आम्ही कप्प्यात ठेवायचा नाद सोडून समोरच्या मोकळ्या भिंतीवर टांगायचं ठरवलं. दिवाणापासून ती भिंत नऊ फूट.

नऊ फुटांवर ५५ इंची छान दिसतो, पण चित्र चांगलं असेल तरच. साधं एसडी चॅनल ५७६ रेघांचं असतं आणि फोरकेचा पडदा २१६० रेघांचा. टीव्हीला एका रेघेच्या जवळजवळ चार कराव्या लागतात. ५५ इंचांवर मालिकेतली सासू मेण फासल्यासारखी दिसते. ४३ वर तोच दोष झाकून जातो. म्हणून माझा आग्रह असा की टीव्हीआधी डबा बदला. आईकडचा बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीवर चालत होता. नव्या कित्येक टीव्हींना ती भोकंच नसतात, किंवा वेगळी जोडवायर लागते. एचडी बॉक्स घ्या, एचडीएमआयने जोडा. झी मराठी आणि स्टार प्रवाह दोन्ही एचडीत आहेत, पॅकमध्ये एचडी चॅनल घ्यायचं विसरू नका. एवढ्याने जो फरक पडतो, तो महागड्या पडद्यानेही पडत नाही.

पडद्यांच्या नावांत दुकानदार मुद्दाम गोंधळ घालतात असं माझं मत झालंय. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळा म्हणजे खरोखर काळा. क्यूएलईडी नावावरून त्याचा चुलतभाऊ वाटतो, पण तो एलसीडीच: मागे निळे दिवे, मध्ये क्वांटम डॉटचा थर, त्यामुळे लाल-हिरवा जास्त स्वच्छ. मिनी एलईडी म्हणजे त्याच पडद्यामागे खूप बारीक दिवे, गटागटाने मंद होणारे. इथे ‘लोकल डिमिंगचे झोन किती?’, म्हणजे असे गट किती, एवढंच विचारा. सेल्समन आकड्याऐवजी कंपनीचं कौतुक सांगायला लागला की समजून जा.

रात्री दिवे बंद करून सिनेमे बघणाऱ्याला ओएलईडीला पर्याय नाही, हे मी दादाला मान्य केलं. पण आमच्या हॉलला पश्चिमेची खिडकी आहे. चार वाजता ऊन थेट पडद्यावर येतं, आणि तिथे मिनी एलईडी उजळ प्रकाशाने तग धरतो, ओएलईडी फिका पडतो. त्यात बाबांच्या बातम्या. तासन्‌तास त्याच जागी लाल पट्टी आणि कोपऱ्यात तोच लोगो, म्हणजे ओएलईडीवर ठसा कायमचा उमटण्याची भीती. नवीन पडदे आधीपेक्षा बरे आहेत. तरी लाखाच्या आसपासची वस्तू त्या पट्टीच्या हवाली करायला माझं मन होईना.

आणखी एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. आई टीव्ही समोर बसून बघतच नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत तिरकी बसते. एलसीडी पडद्याच्या दोन जाती असतात, व्हीए आणि आयपीएस. व्हीए पॅनल समोरून गडद आणि देखणं, बाजूने पांढुरकं. आयपीएसमध्ये काळा करडाच दिसतो, पण रंग बाजूनेही टिकतात. खोक्यावर हे बहुतेक लिहिलेलं नसतं, म्हणून दुकानात टीव्हीच्या समोरून बाजूला चालत जाऊन बघा. पेनड्राइव्हवर आपल्या मालिकेचा एखादा भाग न्या. दुकानातल्या भडक फुलांच्या व्हिडिओवर सगळेच टीव्ही सुंदर दिसतात.

१२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं, गेम खेळणाऱ्यांसाठी; मालिकांना ६० पुरे. डॉल्बी व्हिजन, म्हणजे चित्रातला उजेड-अंधार खुलवणारं तंत्र, हवं असेल तर सॅमसंग बाद, त्यांच्याकडे त्याच जातीचं एचडीआर१०+ असतं. रॅम मात्र दोन जीबी बघाच, एक जीबीवाले वर्ष-दोन वर्षांत रांगायला लागतात.

किमतीचं म्हणाल तर ४३ इंची फोरके वीस ते पस्तीस हजार, ५५ इंची क्यूएलईडी त्याच्या पुढे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे ‘कर वाचतो म्हणून बत्तीसच’ हे गणित आता उरलं नाही.

आम्ही ४३ इंची आयपीएस घेतला. उरलेल्या पैशांत साउंडबार, कारण सडपातळ टीव्हींचे स्पीकर खाली तोंड करून पुटपुटतात आणि बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. मग सेटिंगमध्ये जाऊन टीव्ही चालू होताच थेट सेट टॉप बॉक्स लागेल असं करून दिलं, नाहीतर रोज दुपारी ‘ते चौकोन चौकोन आलेत, आता काय दाबू?’ असा फोन ठरलेला. बावीसशे देऊन जुना बत्तीसही उठवला. तो दादाने पुण्याला नेला, ओएलईडी येईपर्यंत.